बुडालेल्या कंपन्यांची खोली

नानांनी पहिल्या दिवशी माझं तोंड पाहिलं नाही, हात पाहिले. मी साक्रीकडच्या खेड्यातून जळगावला नवीन आले होते आणि स्वयंपाकाचं काम मिळेल का विचारायला त्यांच्या दारात उभी होते. दार त्यांनीच उघडलं. म्हणाले, "हात पुढे करा." मी केले. त्यांनी चष्मा कपाळावर सारून दोन्ही तळवे पाहिले, उलटे करून पाहिले आणि विचारलं, "घाम येतो का हाताला?"

शहरात असंच विचारत असतील असं मला वाटलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"वा," ते म्हणाले. "राहा."

आतून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, आधी पोळ्या येतात का ते विचारा."

"ते तू विचार," असं म्हणून नाना आत निघून गेले.

मी त्या घरात पुढे बरीच वर्षं पोळ्या लाटल्या, पण नानांच्या लेखी मी स्वयंपाकाची बाई कधीच नव्हते. ज्यांना घाम येत नाही अशा घरातल्या दोनच हातांची मालकीण, एवढीच माझी ओळख. त्यांना स्वतःला हाताला दरदरून घाम यायचा. अक्कांच्या हाताला कायम तेल. म्हणून माझी गरज.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. तिथल्या स्टोअरमध्ये नटबोल्ट, वॉशर, असल्या वस्तू सांभाळायच्या आणि मागायला येणाऱ्याला शक्यतो द्यायच्या नाहीत, हे काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावात घर बांधलं. त्यांच्याबरोबरचे लोक निवृत्त झाल्यावर प्लॉट घेत, सोनं घेत, शेअर घेत. नानांनीही शेअर घेतले. फक्त ते बुडालेल्या कंपन्यांचे. ज्या कापसाच्या जिनिंगच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे, ज्या तेलगिरणीच्या धुराड्यातून पिंपळ उगवलाय, ज्या मोटार कंपनीची शेवटची बस भंगारात गेली, त्यांचे जुने छापील कागद. गावोगावचे रद्दीवाले त्यांना ओळखत. कुठे जुन्या कारखान्याचं कपाट निघालं की निरोप यायचा आणि नाना पिशवी घेऊन निघायचे. कोणाच्या घरी म्हातारा माणूस वारला की भेटायला जायचे, डोळे पुसायचे आणि निघताना हळूच विचारायचे, "त्यांच्या ट्रंकेत काही जुने कागद होते का?"

"चालती कंपनी उद्या काय करेल, सांगता येत नाही," ते म्हणायचे. "बुडालेली कंपनी पुन्हा बुडत नाही. मी निर्धास्त झोपतो."

ते कागद दिसायला सुंदर होते, हे मात्र मी खोटं सांगणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी येत नाही, त्यामुळे मी नुसती चित्रं बघायची. कडेने जाळीदार वेलबुट्टी, मध्ये धूर सोडणारी धुराडी, कापसाची बोंडं, हत्ती. एका कागदावर लक्ष्मी होती आणि तिच्या हातातून नाणी पडत होती. ती नाणी चित्रातल्या गिरणीपर्यंत पोचायच्या आतच कागद संपत होता. मला वाटायचं, जो कोणी हे चित्र काढून गेला त्याला कंपनीचं पुढचं माहीत असावं.

हे कागद नुसते जमवून नाना थांबले असते तर घरात सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्यांना त्यांची संगणकावर चित्रं करायची होती. म्हणायचे, कागद आज ना उद्या जाणार, चित्र चांगलं झालं पाहिजे. त्यासाठी त्यांनी एका झेरॉक्सवाल्याकडून स्कॅनर विकत घेतला. ते झेरॉक्सचं दुकान पुढे बंद पडलं. नानांना त्याचं वेगळंच समाधान होतं.

घरात उत्तरेकडे एक खोली आहे. तिच्यावर गच्चीत अर्धा मजला बांधलेला, म्हणून तिचा स्लॅब तापत नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड. उन्हाळ्यात जळगावात अशी खोली ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे दूरचे पाहुणेही आठवणीने येतात. नानांच्या घरात त्या खोलीत कंपन्या राहायच्या आणि माणसं बाहेर भाजून निघायची. खोलीत पंखा होता, पण त्याला पांढऱ्या कापडाचा पिशवीसारखा अभ्रा घातलेला आणि बटणावर चिकटपट्टी. पंख्याने धूळ उडते आणि काचेवर बसते. काचेवर एक कण असला तर चित्रात तो साबुदाण्याएवढा दिसतो. कूलरचं तर नावही काढायचं नाही. कूलरमध्ये पाणी, पाण्याची हवा, दमट हवेने कागद खराब होतो, असं नानांनी कुठेतरी वाचलं होतं. जिथे वैशाखात ओला टॉवेल दोरीवर घालून मागे वळेपर्यंत वाळतो, त्या जळगावात ते दमटपणाला घाबरायचे. उदबत्ती बंद. फोडणी द्यायची असली तर आधी त्यांना सांगायचं, मग ते खोलीचं दार लावणार, फटीला ओढणी लावणार, आणि आतून म्हणणार, "द्या."

हात घामेजतात म्हणून त्यांनी मोजे आणले. धुळ्याच्या बाजारात बँडवाल्यांचं सामान मिळतं, तिथले ते पांढरेशुभ्र मोजे, मनगटापाशी बटणाचे. ते घालून नाना सकाळी एकदा दूध घ्यायला दारात आले. दूधवाल्याने विचारलं, "नाना, कोणत्या बँडपार्टीत लागलात? काय वाजवता?"

"वाजवत नाही," नाना म्हणाले. "बुडालेल्यांना वर काढतो."

दूधवाल्याने त्यानंतर मापात दूध घालताना नानांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

चित्र घ्यायची रीत अशी. काच आधी पुसायची, पण पाणी काचेवर मारायचं नाही, फडक्यावर मारायचं. कागद प्लास्टिकच्या पाकिटातून काढून पालथा ठेवायचा. त्याच्या पाठीवर काळा कागद, म्हणजे मागची छपाई पुढच्या चित्रात उतरत नाही. मग झाकण हळू टेकवायचं, दाबायचं नाही. यातलं ठेवण्या-उचलण्याचं काम माझं. बाकी सगळं नानांचं, म्हणजे बघणं आणि नाही म्हणणं.

स्कॅनरमधला उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायला लागला की घरात कोणी हलायचं नाही. टेबलाचा एक पाय लंगडा होता, त्यामुळे कोणी जोरात चाललं की चित्रातली धुराडी वाकडी यायची. नाना आतून आवाज द्यायचे, "उजेड निघाला." की अक्का जिथल्या तिथे उभ्या. एक हात डब्यात, एक पाय उंबऱ्यात. तव्यावर पोळी असली तर ती करपणार. एकदा घरात पाहुणे जेवायला बसलेले, नेमका उजेड निघाला आणि पाहुण्यांचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं, आत कोणाच्या अंगात देव येतो.

"टेबलाच्या पायाखाली लाकडाची चकती घाला की," अक्का म्हणायच्या.

"टेबल काय आज आहे, उद्या बदलता येईल," नाना म्हणायचे. "माणसांना स्थिर राहायची सवय लागली पाहिजे."

चित्र मात्र खरं असलं पाहिजे, यावर ते ठाम होते. डाग असेल तर डाग, घडी असेल तर घडी, वाळवीचं भोक असेल तर भोक. कंपनी रद्द झाली तेव्हा टोचण्याने पाडलेली भोकंसुद्धा मोजून दिसली पाहिजेत. एका फोटो स्टुडिओवाल्याने हौसेने त्यांच्या एका चित्रातले डाग पुसून कागद नवा कोरा करून दिला. नानांनी ते चित्र त्याच्यासमोर पुसून टाकलं. म्हणाले, "डाग काढलास म्हणजे त्याचं वय काढलंस. आता हा कालचा कागद झाला. खोटं चित्र काढण्यापेक्षा काढू नये." मग त्याच स्टुडिओत त्यांनी संग्राहकांच्या मंडळाच्या ओळखपत्रासाठी स्वतःचा फोटो काढून घेतला. त्यात नानांच्या कपाळावर एकही आठी नाही, केस काळेभोर, आणि गालावरची चामखीळ गेलेली. अक्का त्या फोटोला नमस्कार करायच्या. म्हणायच्या, "हे कोण, लग्नाआधी मला हे तर दाखवले नव्हते."

कागदावर कंपनीचा कोरडा शिक्का असायचा. शाई नाही, नुसता दाबून उठवलेला. तो डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो, पण स्कॅनरमध्ये दिसत नाही. नाना त्यासाठी कागद आडवा ठेवायचे, मग उलटा ठेवायचे, जोवर एखाद्या बाजूने सावली पडत नाही तोवर. "उजेड समोरून पडला की सगळं सपाट दिसतं," ते मला सांगायचे. "बाजूने पडला की उंचसखल कळतं." चांगलं बोलायचे ते. फक्त घरातल्या माणसांकडे बाजूने बघायला त्यांना सवड नव्हती.

त्यांना एकच मुलगी. तिला सगळे ताई म्हणायचे, मीही. ती धुळ्याला दिलेली. चित्रं एका जागी ठेवू नयेत म्हणून नानांनी एक पेन ड्राइव्ह आपल्या तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि एक ताईच्या सासरी तिच्या कपाटात. दर रविवारी फोन. "पेन ड्राइव्ह बरा आहे ना?" हे आधी. मग, "आणि तू?"

ताईला दिवस गेले तेव्हा तिने फोन करून अक्कांना सांगितलं. अक्कांनी फोन नानांच्या हातात दिला. नाना ऐकत राहिले, चेहरा उजळला, डोळ्यात पाणीसुद्धा आलं, मी पाहिलं. मग म्हणाले, "अगं पण बाळंतपणाला इकडे येशील, तेव्हा कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवशील?"

पलीकडून ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नानांनी फोन अक्कांना परत दिला आणि म्हणाले, "चिडकी झालीय. असं होतं म्हणे या दिवसांत."

ताईला नववा लागला तो ऐन वैशाखात. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि त्यात आखाजीचा सण. आमच्या खान्देशात आखाजीला सासरी गेलेली पोर माहेरी येते, झोका खेळते, निवांत झोपते. अक्कांनी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालता घालता नानांना सांगितलं, "आखाजीला पोरगी येईल ती बाळंत होऊनच जाईल. उत्तरेची खोली तिला पाहिजे. कूलर बसवायचा. कागद ट्रंकेत घाला."

"चार दिवस थांब," नाना म्हणाले.

या चार दिवसांचं कारण होतं. पुण्याचं एक संग्राहकांचं मंडळ जुन्या शेअरच्या कागदांचं चित्रांचं पुस्तक काढत होतं. खान्देशातल्या एका जुन्या जिनिंग कंपनीचा, तो लक्ष्मीच्या चित्राचा, कागद त्यांना हवा होता. तो दोघांकडे होता, नानांकडे आणि धुळ्याच्या एका वकिलांकडे. हे वकील नानांचे वैरी. दर आठवड्याला फोनवर तासभर बोलावं, इतके वैरी. वकिलांनी आपले सगळे कागद लॅमिनेट करून घेतले होते. नाना हे सांगताना आवाज खाली आणायचे, कोणी कोणाला विष घातलं असं सांगावं तसा. पण लॅमिनेट केलेला कागद निदान सपाट तरी होता. नानांचा कागद वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेला. काचेवर ठेवला की दोन्ही टोकांनी वर उठायचा आणि दाबला तर कुरकुरायचा. मंडळाने कळवलं होतं, तुमचं चित्र मधोमध धूसर येतंय, कागद सरळ बसवून पाठवा, नाहीतर वकीलसाहेबांचं छापू.

मग नानांना दुसरं काही सुचेना. आखाजी आली. ताई आली. पाय सुजलेले, चेहऱ्यावर घामाची धार. ती आल्या आल्या उत्तरेच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत कागदावर काच, काचेवर पोथ्या, पोथ्यांवर ज्वारीचं पोतं.

"नाना, मी कुठे झोपू?" तिने विचारलं.

"चार दिवस बैठकीत झोप, बेटा. हा एवढा सरळ झाला की खोली तुझीच."

बैठकीवर उघडा स्लॅब. दुपारी बारानंतर तो वरून निखाऱ्यासारखा उतरायचा. रात्री तर आणखी. अक्का ताईच्या अंगावर ओलं लुगडं घालायच्या, ते पाच-दहा मिनिटांत कोरडं. पंखा फिरायचा तो गरम हवा ढवळायचा. ताईला जेवण जाईना. ती पाण्याच्या माठाला गाल लावून बसायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अक्कांना स्पष्ट सांगितलं, या पोरीला गारव्यात ठेवा, उष्म्याने चक्कर येऊन पडली तर दोघांच्या जिवाला धोका आहे. अक्कांनी ते नानांना सांगितलं. नानांनी ऐकलं, खिन्न झाले, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पोत्यावर आणखी एक पोथी ठेवली. लवकर व्हावं म्हणून.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ज्वारीचं पोतं काढताना कागद घडीवर तडकला. आवाज अगदी बारीक, बिबडा मोडल्यासारखा. नाना भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बैठकीत ताई जेवली नव्हती, आत नाना जेवले नव्हते. मी कोणासाठी पोळ्या करतेय, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना धुळ्याला गेले. वकिलांचा कागद खरंच किती सपाट आहे, ते डोळ्यांनी बघायला. बस सुटली असेल नसेल, अक्का मला म्हणाल्या, "बाई, चल."

अक्का फार बोलणाऱ्या नाहीत. त्या नशिराबादच्या, घरात सहा भाऊ, लहानपणापासून ऐकून घ्यायची सवय. पण त्या दिवशी त्यांचा पदर खोचलेला होता. आम्ही सगळे कागद पाकिटांसकट ट्रंकेत घातले. टेबलावरच्या त्या तडकलेल्या कागदाला मात्र मी हात लावायला भ्याले. अक्का म्हणाल्या, "राहू दे त्याला तिथेच. त्याच्यासाठी मी अडणार नाही." वायरमनला बोलावून खिडकीत कूलर बसवला. पंख्याचा अभ्रा काढला. अक्कांनी तो धुवून बाळाच्या दुपट्याला त्याच्या पट्ट्या करायला घेतल्या. खाट टाकली. ताई आली, आडवी झाली, आणि दोन मिनिटांत तिला अशी झोप लागली की मी श्वास चालतोय का म्हणून वाकून पाहिलं.

कूलर दिवसभर चालला. ओल्या वाळ्याचा वास घरभर.

नाना संध्याकाळी परतले. मी ओट्याशी होते, हात पिठात. ते चपला काढून थेट उत्तरेच्या खोलीकडे गेले आणि दारात थांबले. खिडकीतून गार, ओली हवा सरळ टेबलावर येत होती. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार आणि ताई जागी होणार. अक्का त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हातात लाटणं नव्हतं, पण असल्यासारख्या.

नाना टेबलापाशी गेले. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग मला खुणेने बोलावलं. मी हात धुवून गेले. कागद टेबलावर पसरलेला होता, चादर पसरावी तसा. टोकं खाली आलेली. घडी मऊ झालेली. जन्मभर वाळवून वाळवून त्यांनी जो कडक केला होता, त्याने एक दिवस ओला वारा खाल्ला आणि अंग सैल सोडलं.

"उचला," नाना कुजबुजले. मी उचलला. एवढी वर्षं मी त्यांचे कागद उचलले, पण असा मऊ एकही नव्हता. काचेवर ठेवला, तो बसला. पाठीवर काळा कागद. झाकण टेकवलं. उजेड निघाला. कूलर घरघरतोय, पंखा फिरतोय, ताई झोपेत कुशीवर वळली आणि खाट करकरली. चित्र असं आलं की लक्ष्मीच्या बोटांची नखंसुद्धा दिसत होती.

नाना खुर्चीत टेकले. तोंडावर लग्नघरचा आनंद. मग ते उठले, खिडकीपाशी गेले आणि कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावून तर बघा," अक्का दारातून म्हणाल्या.

"अगं, आता कागद झाला."

"कागद झाला. पोरगी मोकळी व्हायची आहे अजून."

नानांचा हात तिथेच राहिला. त्यांनी खाटेकडे पाहिलं. ताईच्या कपाळावर घाम नव्हता. माझ्या मनात आलं, आता त्यांना काहीतरी कळतंय. त्यांना कळलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे. बाकीचेही सगळे आखडलेलेच आहेत." आणि ट्रंक उघडायला गेले.

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे. कारण कोणतं का असेना, वारा येतोय ना."

मग कंपन्या पुन्हा खोलीत आल्या. ताईच्या खाटेभोवती जमिनीवर स्वच्छ चादरी आणि त्यांवर कागद. तेलगिरण्या, जिनिंग, मोटार कंपन्या, आगपेट्यांचा एक कारखाना. मधून दारापर्यंत ताईला जायला पावलाएवढी वाट ठेवलेली. शेजारच्या बायका तिला बघायला यायच्या आणि दारातूनच बघून जायच्या. ताई खाटेवर पडून हसायची. "वहिनी," ती मला म्हणायची, "मी कोणत्या कंपनीत आहे आज?"

पुण्याहून उत्तर आलं. चित्र उत्तम, तेच छापतो, कसं केलंत ते चार ओळीत लिहून द्या. नानांनी ते उत्तर आम्हाला दोनदा वाचून दाखवलं आणि वकिलांना फोनवर तीनदा. मग चार ओळी लिहिल्या आणि त्याही वाचून दाखवल्या. "कागदास माफक ओलावा देऊन त्याचा ताण घालवणे, ही रीत मी दीर्घ प्रयोगांती सिद्ध केली."

"नाना, तिथे माझं नाव टाका," ताई म्हणाली. "मी झोपले म्हणून झालं."

नानांनी खरोखर विचार केला. "नुसतं झोपण्याचं नाव कसं टाकणार, बेटा," ते म्हणाले. "त्यात तुझा काही हेतू नव्हता."

"मग अक्काचं टाका. तिचा होता."

नानांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. नाना जमिनीवर उकिडवे बसून एक कागद उलटा करत होते. ताई खाटेच्या कडेला बसली होती, तिने एकदम खाटेची पट्टी धरली आणि अक्कांना हाक मारली. अक्का धावल्या. ताई उठली, तिला वाट दिसत नव्हती, तिने पाय सरळ पुढे टाकला.

"जपून," नाना म्हणाले. "पायाखाली तेलगिरणी आहे."

तोंडातून निघून गेलं ते. मी दारात होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. निघून गेल्यावर त्यांनी ते स्वतः ऐकलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तेलगिरणीवर पूर्ण पाय ठेवला. मग मोटार कंपनीवर. मग आगपेट्यांवर. अक्कांच्या खांद्यावर भार टाकून ती दाराबाहेर गेली. मागे कागद फाटलेले, चुरगळलेले, एकावर पावलाचा ओला ठसा.

नाना वाकले. अक्कांनी मागे वळून पाहिलं, मीही पाहत होते. वाकलेला हात तेलगिरणीपाशी गेला, थांबला, आणि बाजूला सरकला. खाटेखाली ताईच्या चपला होत्या. त्यांनी त्या उचलल्या आणि धावत बाहेर आले.

मी पळत जाऊन कोपऱ्यावर रिक्षा थांबवून आले. नाना त्या चपला दोन्ही हातांत छातीशी धरून आमच्यापुढे चालले होते, लोकांना "सरका, सरका" म्हणत, आणि ताई मागून अनवाणी, तापलेल्या फरशीवरून, पाय उचलत येत होती.

"अहो," अक्का म्हणाल्या, "त्या तुम्हाला घालायच्या आहेत का?"

नाना थांबले. हातातल्या चपलांकडे पाहिलं. मग रिक्षापाशी रस्त्यातच खाली बसले आणि ताईच्या पायात चपला घालायला लागले. पाय सुजलेले, चपला जाईनात. त्यांनी डावी उजव्या पायात घालून पाहिली. मग उजवी डाव्या पायात. ताई कळेने वाकली होती, तिने एक हात त्यांच्या डोक्यावर टेकवला, आधाराला, आणि तो काढला नाही. नाना खाली मान घालून चपलेचा पट्टा ओढत होते आणि काहीतरी पुटपुटत होते, माफी मागत होते की पट्ट्याला दोष देत होते, मला कळलं नाही.

रिक्षावाला थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, बठा आते रिक्षामा. दवाखानामा चपला बाहेरच काढना पडतस."